नागपूरची नवीन सिनेमा राईड : गाडी झकास, सेट झकास, पण पिक्चर निवडताना अजून विचार पाहिजे होता

पहिले निकाल सांगून देतो, मंग डिटेलमध्ये जातो. 5 पैकी साडेतीन स्टार. शहराबाहेरच्या पार्कमध्ये यंदा उन्हाळ्यात जी सिनेमाची राईड सुरू झाली तिच्याबद्दल हे लिहून राहिलो आहे, वॉटर स्लाईड आणि बाकी झुल्यांबद्दल नाही, त्यांचे रिव्ह्यू भरपूर पडले आहेत. साडेतीन स्टार गाडीचे, सेटचे, एसीचे आणि तिथं काम करणाऱ्या पोरांच्या चांगल्या वागण्याचे. दीड स्टार कापला तो फक्त पिक्चरच्या निवडीसाठी. आणि मला तोच विषय सगळ्यात मोठा वाटते, कारण असे सेट एकदा उभे झाले की त्याला कोणी वर्षानुवर्षं हात लावत नाही, पुतळे बनवायचा खर्चच एवढा असते. म्हणजे आज जे सहा पिक्चर ठरले तेच आपली पोट्टी मोठी होईपर्यंत पाहायचे आहेत, तर त्यावर आत्ताच बोललेलं बरं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्ठं काळं शेड आहे, आत पूर्ण अंधार, रुळावर चालणाऱ्या उघड्या गाड्या, एका गाडीत तीन रांगा आणि बारा माणसं. गाडी हळूहळू एका सेटमधून दुसऱ्या सेटमध्ये जाते, दोन्ही बाजूला फायबरचे पुतळे, त्यातले काही हलणारे, मागे भिंतीवर प्रोजेक्टर, वरून पाण्याचा फवारा, धूर, वारा, असं सगळं. बाहुबली, आरआरआर, केजीएफ, तुंबाड, दृश्यम आणि शेवटी सैराट, हे सहा पिक्चर, बाराएक मिनिटांत होते. पोटात गोळा येईल असं काही नाही त्यामुळे म्हातारी माणसं आरामात बसतात, माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे तरी तिला काही जड गेलं नाही, पायरी एकदम खाली आहे आणि चढता-उतरताना हात द्यायला एक जण उभाच असतो.

सगळे पिक्चर 2000 नंतरचे घेतले हा निर्णय मला शंभर टक्के पटला. आमच्या मागं लाईनीत एक काका होते ते सारखे म्हणून राहिले होते की शोले काहून नाही, मुगल-ए-आझम काहून नाही, आणि त्यांचं प्रेम समजते मला, पण शोले 1975 चा आहे राजा, आज दहा वर्षांचं जे पोट्टं गाडीत बसते त्याच्या बापाचाही तेव्हा जन्म नव्हता. अमेरिकेत फ्लोरिडाला डिस्नीच्या पार्कमध्ये अशीच एक राईड होती, ग्रेट मूव्ही राईड नावाची, 1989 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद झाली. तिचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, सिनेमाची आवड असेल तर जरूर पाहा. त्यात कॅसाब्लांका होता 1942 चा, विझर्ड ऑफ ओझ होता 1939 चा, आणि जे नवे म्हणून घेतले होते त्यातला एलियन 1979 चा आणि इंडियाना जोन्सचा पहिला पिक्चर 1981 चा. राईड सुरू झाली तेव्हा हे ठीक होते, पण 28 वर्षं जवळपास तेच सीन चालले, शेवटी शेवटी तर गाडीत बसलेल्या पोरांना काउबॉय कोण आणि गँगस्टर कोण हे त्यांच्या आजोबांना विचारावं लागत असेल. 2020 मध्ये त्या जागी मिकी माऊसची राईड आली.

पण त्याच राईडमधली एक गोष्ट आपल्या पार्कवाल्यांनी नीट पाहायला पाहिजे होती. त्यातला ओझचा सीन म्हणजे सगळ्यात जुन्या पिक्चरपैकी एक, आणि व्हिडिओत पाहा, पोरं त्याच सीनला सगळ्यात जास्त डोळे फाडून पाहतात. रंगीत बुटक्या लोकांचं गाव, पिवळा रस्ता, धुरातून वर येणारी हिरव्या तोंडाची चेटकीण. पिक्चर पाहिला नसला तरी चालते, कारण तुम्ही त्या गावात जाऊन बसता. आणि कॅसाब्लांकाच्या सीनमध्ये विमानापुढं दोन पुतळे उभे राहून बोलतात, ज्यानं पिक्चर पाहिला तो हळवा होते आणि ज्यानं नाही पाहिला तो पुढच्या सेटकडं मान वळवते. म्हणजे नवा का जुना हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा हा की त्या पिक्चरमध्ये जाऊन बसण्यासारखी जागा आहे का.

आता यात गाडीचं गणित समजून घ्या. एक गाडी सुटली की दीड-दोन मिनिटांत मागची सुटते, मधे थांबता येत नाही, थांबली तर मागची येऊन ठेपते. त्यामुळे एका पिक्चरला मिळतात दोन मिनिटं, त्यातही सेट समोर आला, समजला, आणि मागे गेला यात खरं पाहायला मिळते मिनिटभर. अडीच-तीन तासांच्या पिक्चरमधून ते एक मिनिट उचलायचं. ज्या पिक्चरचा जोर कथेत आहे, हळूहळू चढत जाणाऱ्या टेन्शनमध्ये आहे, त्याचं मिनिटभर उचलून काही हाती लागत नाही मग तो कितीही भारी पिक्चर असो. ज्याचा जोर जागेत आहे, पावसात, उंचीत, अंधारात, आवाजात आहे, त्याचं एक मिनिटही पुरते. मी या हिशोबानं सहाही सीन पाहिले आणि तीन पास झाले, एक अर्धा पास, एक नापास, आणि एकात पिक्चर बरोबर पण सीन चुकला.

बाहुबली पास. धबधब्याचा सीन घेतला आहे, गाडी थेट पाण्याच्या पडद्याखालून जाते, म्हणजे ऐन वेळेला पाणी दोन बाजूला सरकते आणि तुमच्यावर फक्त तुषार. मे महिन्यात 45 डिग्रीत बाहेर तासभर लाईनीत उभं राहून आल्यावर ते तुषार अंगावर आले की अख्खी गाडी ओरडते. वर बघितलं तर कड्याला लटकलेला हिरो शिवुडू. कोणाला कथा आठवायची गरज नाही, कटप्पानं का मारलं ते तर 2015 पासून 2017 पर्यंत सगळ्या देशानं एकमेकांना विचारून झालं आहे. मला फक्त एवढं वाटते की माहिष्मतीचा महाल मागे प्रोजेक्टरवर दाखवला त्याऐवजी थोडा खरा उभा करायला पाहिजे होता, कारण आपल्या नागपूरचे कितीतरी लोक हैदराबादला जाऊन रामोजी फिल्म सिटीतला बाहुबलीचा सेट हातानं शिवून आलेले आहेत, त्यांना भिंतीवरचा महाल फिका पडते.

केजीएफ पण पास, आणि इथं ज्यानं आयडिया काढली त्याला सलाम. खाणीचा बोगदा केला आहे, छत खाली येत जाते, आवाज घुमतो, गाडी रुळावरून खडखडते आणि एका जागी मुद्दाम झटका देऊन वाकडी होते. पिक्चर कोलारच्या सोन्याच्या खाणीवरचा आहे, खरी खाण 2001 मध्ये बंद पडली, ती कर्नाटकात. पण खाण म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, कोळशाच्या डब्ल्यूसीएल कंपनीचं हेडऑफिस नागपुरात, मँगनीजच्या मॉईलचं नागपुरात, उमरेड-कामठीकडं कोळसा आणि मनसरकडं मँगनीज, घरोघरी कोणी ना कोणी खाणीत नोकरी केलेला भेटतो. आमच्या गाडीत एक रिटायर झालेले गृहस्थ होते ते उतरल्यावर तिथल्या पोराला समजावून सांगून राहिले होते की लाकडी टेकू असे लावत नाहीत, असे लावतात, आणि तो पोरगाही मन लावून ऐकत होता. मला ते फार आवडलं. हिरोचा पुतळा मधे हातोडा घेऊन उभा आहे, तो नसता तरी सीन तेवढाच जमला असता.

आता आरआरआर. इथं माझं डोकं खरंच गरम झालं. नाटू नाटू घेतलं आहे. गाणं मोठं आहे यात वाद नाही, 2023 मध्ये ऑस्कर मिळालं, शूटिंग कीव्हमध्ये युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोर 2021 मध्ये झालं, तो महाल मागे पडद्यावर छान रंगवलाही आहे. पण त्या गाण्याचा सगळा जीव दोन माणसांच्या पायात आहे हो! एकाच वेळी, एकाच मापात, वीज चमकल्यासारखे चार पाय. फायबरचा पुतळा काय करते, कंबरेतून थोडा इकडे आणि थोडा तिकडे. गाणं जोरात वाजून राहिलं, धूळ उडवायला पंखा लावला, आणि मधे दोन पुतळे हळूहळू डुलून राहिले. माझा भाचा या गाण्यावर घरी पलंग मोडेपर्यंत नाचते, तो शांत बसून होता.

आणि पिक्चरमध्ये राईडसाठी जणू आयता काढून ठेवलेला सीन आहे! इंटरव्हलच्या आधीचा. रात्रीची इंग्रज गव्हर्नरची पार्टी, फाटक तोडून ट्रक आत येतो आणि त्यातून वाघ, बिबटे, लांडगे, हरणं सगळे एकदम बाहेर उड्या मारतात, मधे मशाली घेऊन पिक्चरचा एक हिरो भीम. विचार करा, गाडी अंधारात थांबल्यासारखी हळू होते, समोर ट्रकचे दोन लाईट लागतात, आणि मग दोन्ही बाजूंनी जनावरं. जनावराचा पुतळा माणसाच्या पुतळ्यापेक्षा नेहमी खरा वाटते, त्याला चेहऱ्यावर भाव आणायचे नसतात, एक झेप आणि एक डरकाळी पुरते. वारा चेहऱ्यावर, मशालीची थोडी गरमी, सीटखाली थरथर, या सगळ्या मशीन त्या शेडमध्ये आहेतच. आणि नागपुरात वाघ! इकडे पेंच, तिकडे ताडोबा, एअरपोर्टपासून चौकाचौकात वाघाचे चित्र, टायगर कॅपिटल म्हणवून घेतो आपण. या गावातल्या राईडमध्ये आरआरआर घेतला आणि वाघ सोडून दिला, याचं मला अजून वाईट वाटून राहिलं आहे. सेट तोच ठेवून सीन बदलता येतो, महाल दोन्हीकडं चालते, माझी पार्कवाल्यांना मनापासून विनंती आहे की हे करा.

तुंबाड. हा सीन पाहायला मी परत जाईन, मी एकटा गेलो तरी जाईन. 2018 चा पिक्चर, पहिल्यांदा लागला तेव्हा थेटरात फार लोक गेले नाहीत, मग 2024 मध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. ज्याचं एक मिनिट उचलून नेता येते असा पिक्चर कसा असते ते पाहायचं तर हा. पाऊस आहे, जो पिक्चरभर थांबतच नाही, वाडा आहे, विहीर आहे, आणि विहिरीच्या तळाशी लाल, ओली, श्वास घेणारी खोली, देवीचं गर्भाशय. सेटवाल्यांनी भिंती कशाच्या बनवल्या माहीत नाही पण त्या खरंच हलतात, आत हवा भरते-सुटते तशा, आणि लाईट एवढा कमी ठेवला आहे की नक्की काय हलून राहिलं ते कळत नाही. वास पण सोडला आहे, ओल्या मातीचा. गाडीत बारा माणसं आणि कोणी एक शब्द बोललं नाही, एवढं शांत नागपुरी पब्लिक मी कधी पाहिलं नाही.

दोन सूचना. एक, हस्तरचा, म्हणजे पिक्चरमधल्या त्या राक्षसी देवाचा, पुतळा शेवटी किंचाळत एकदम अंगावर येतो, त्याची काही गरज नव्हती. पिक्चरमध्ये धाक बसतो तो नियमानं, की पिठाची बाहुली त्याच्यापुढं टाकायची, तो ती खायला लागला की त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा ओढायच्या, आणि तोपर्यंत पिठाच्या रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही. मग गाडीभोवती जमिनीवर पांढरं पिठाचं रिंगण दाखवा नं, गाडी रिंगणात येऊन उभी झाल्यासारखी हळू होऊ द्या, वर काहीतरी सरपटल्याचा आवाज द्या, बस. त्याला समोर आणायचं तर सावलीतच ठेवा. दुसरी सूचना जास्त महत्त्वाची, हा सीन लहान पोरांसाठी नाही. पुढच्या रांगेत एक तीन-चार वर्षांची पोरगी होती, ती सैराट संपेपर्यंत रडत होती, तिच्या आईला मधेच उतरताही येईना. गेटवर मोठ्या अक्षरात पाटी पाहिजे, आणि तुंबाडच्या आधी एक फाटा पाहिजे जिथून ज्यांना नको त्यांना बाहेर पडता येईल.

दृश्यम नापास. माझा आवडता पिक्चर आहे, कितीही वेळा लागला तरी बसून पाहतो, म्हणूनच म्हणतो. त्यात बसण्यासारखी जागा कुठं आहे? एक केबलवाल्याचं ऑफिस, एक घर, एक पोलीस स्टेशन. मजा सगळी त्या 2 ऑक्टोबरच्या गोष्टीत आहे, पणजीचा सत्संग, हॉटेल, पावभाजी, बसचं तिकीट, एकेक साक्षीदार कसा तयार केला त्यात. ते मिनिटभरात कसं दाखवणार? मग यांनी काय केलं, शेवटचाच सीन दाखवला. जे पिक्चर न पाहता आले त्यांचा अख्खा पिक्चर खराब झाला आणि ज्यांनी पाहिला त्यांना एक पुतळा उभा दिसला. इथं ते काय आहे मी लिहीत नाही, कोणी पाहिला नसेल तर निदान माझ्यामुळं तरी खराब नको. अंधाधुन घ्या, बारावी फेल घ्या, असे कितीतरी पिक्चर मला जीव की प्राण आहेत पण राईडमध्ये ते बसत नाहीत, आणि न बसणं हा त्यांचा कमीपणा नाही.

सैराट अर्धा पास. शेवटच्या सेटवर गाड्या एका मोठ्या गोल जागेत येतात आणि झिंगाट सुरू होते, लाईट, कागदाचे तुकडे, वरात, दोन्ही बाजूंनी नाचणारे पुतळे, आणि इथं पुतळे नीट हलतात-नाही हलतात कोणी बघतच नाही कारण गाडीतलेच सगळे उभे राहायला पाहतात, बेल्ट आहे म्हणून राहतात. 2016 पासून आजपर्यंत महाराष्ट्रात अशी एक वरात नसेल जिथं हे वाजलं नाही. शेवट करायला गाणं योग्यच आहे. आणि पिक्चरचा शेवट त्यांनी कुठंच दाखवला नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानतो, ती गोष्ट पॉपकॉर्न हातात घेऊन पाहायची नाही. अर्धा पास यासाठी की विहीर सोडली. परश्या धावत येऊन विहिरीत उडी मारतो तो सीन, दगडी पायऱ्या, खाली हिरवं पाणी, गाडी त्या पाण्याच्या कडेनं खाली उतरत गेली असती तर गाण्याआधी काय मस्त श्वास घ्यायला मिळाला असता.

आता जे नाही त्याबद्दल. नागपुरातल्या राईडमध्ये झुंड नाही, हे मला पटतच नाही. बाप्पा, पिक्चर इथला, शूटिंग इथलं, त्यातली कितीतरी पोट्टी इथल्या वस्त्यांमधली, भाषा इथली, आणि ज्यांच्यावर तो आहे ते विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजचे. पावसात पोरं फुटक्या बादलीला लाथा मारून फुटबॉल खेळताना सरांना दिसली आणि तिथून 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठीचं स्लम सॉकर सुरू झालं, ही गोष्ट जगभर गेली. अमिताभ बच्चन शूटिंगला आले तेव्हा लोक कसे गोळा होत होते ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. 2022 मध्ये पिक्चर लागला. कमाई बाहुबली-केजीएफएवढी नाही झाली, म्हणून पार्कवाल्यांनी यादीत घेतला नसेल असं मला वाटते, पण मी वर म्हटलं तसं, राईडला कमाई लागत नाही, जागा लागते. आणि झुंडमध्ये जागा आहे! झोपडपट्टी आणि कॉलेजचं मैदान यांच्यामधली भिंत. नुसती ती भिंत उभी करा. गाडी वस्तीच्या बाजूनं येऊ द्या, पत्र्याच्या घरांमधून, वरून पाऊस, पत्र्यावर पावसाचा आवाज, चिखलात बादली घरंगळून राहिली आणि पाच-सहा पोट्टे तिच्यामागं. मग भिंतीतून गाडी पलीकडं मैदानात निघू द्या, एकदम उजेड, हिरवं गवत, अजय-अतुलचं म्युझिक. प्रत्येक सीटपुढं पायात एक पॅडल द्या, दाबलं की समोरच्या पडद्यावर बॉल जाईल, बारा जणांनी बारा किक मारायच्या. बादलीला लाथ मारायला कोणतं पोट्टं नाही म्हणेल सांगा. आणि बाहेरगावचा माणूस ती राईड करून गेला तर त्याला हैदराबाद-मुंबईत मिळणार नाही असं काहीतरी इथं मिळेल.

दुसरा माझा हट्ट एलिझाबेथ एकादशीसाठी आहे. 2014 चा, बालचित्रपटाचा नॅशनल अवॉर्ड मिळालेला. पंढरपूर, वारकऱ्यांची गर्दी, बांगड्यांचं दुकान, आणि एलिझाबेथ नावाची सायकल. फ्लोरिडालाच युनिव्हर्सलच्या पार्कमध्ये ई.टी. पिक्चरची राईड 1990 पासून चालू आहे, तिच्यात सीटच सायकलसारख्या आहेत, हँडल धरून बसायचं आणि पोरं-म्हातारे सगळे त्या सायकलवरून शहरावर उडतात, पिक्चर 1982 चा असून आजही चालते. तसं पंढरपूरच्या बाजारातून सायकलवर जाता आलं, बुक्क्याचा वास, टाळांचा आवाज, तर तुंबाडनंतर रडणाऱ्या पोरांना तो सीन हसवेल. मराठीतला एकच पिक्चर ठेवून बाकी सगळं साऊथचं आणि हिंदीचं, हे महाराष्ट्रातल्या पार्कला शोभत नाही. नाळ पण आहे, त्यातली बोली तर आपल्या विदर्भाचीच.

लाईनीत लोक अजून बरीच नावं घेत होते. पुष्पा 2 पाहिजे, जवान पाहिजे, छावा तर पाहिजेच. यावर माझं मत सांगतो, राग मानू नका. नुकत्याच आलेल्या पिक्चरला चार-पाच वर्षं थांबू द्यावं. 2009 चा अवतार, त्यावरची उडणारी राईड डिस्नीनं 2017 मध्ये उघडली, म्हणजे पिक्चरनंतर आठ वर्षांनी, आणि लोक अजून लाईन लावून बसतात, कारण त्यांनी हिरो-हिरॉईन बाजूला ठेवले आणि पेंडोराचं जंगल घेतलं, ज्याच्यावर बसायचं तो प्राणी तुमच्या मांड्यांखाली श्वास घेतो म्हणे. छावाबद्दल मात्र थांबायचाही प्रश्न नाही, तो राईडमध्ये येऊच नये. शंभूराजांचा शेवट ही गाडीत बसून, आईस्क्रीम खात, मोबाईल काढून पाहायची गोष्ट नाही. कांताराचंही तेच, दैव म्हणजे कर्नाटकच्या किनाऱ्याकडच्या लोकांची पूजा आहे, त्याचा पुतळा करून डुलवायचा नाही. पावनखिंडीसारखं काही करायचंच असेल तर चालत जाण्याचं करा, पावसात, चिखलात, रात्री, पन्हाळा ते विशाळगड ती वाट किती कठीण होती ते पायांना कळू द्या. ते राईडपेक्षा वेगळं आणि मोठं काम आहे.

दुबईला बॉलीवूडचा एक अख्खा पार्क होता, 2016 मध्ये उघडला आणि 2023 मध्ये बंद झाला. शोले, डॉन, लगान, क्रिश, रा.वन, दबंग, सगळ्यांच्या राईड आणि शो. बंद पडण्याची कारणं बरीच असतील, मी त्यात जात नाही, पण ती यादी वाचली की दिसते की निम्मी नावं हिरोवरून ठरलेली आहेत. त्यातली शोलेची राईड मला व्हिडिओत चांगली वाटली, डाकूंवर निशाणा लावत रामगढमधून जायचं, कारण रामगढ ही जागा आहे. आपल्याच महाराष्ट्रात खोपोलीजवळ इमॅजिकामध्ये मिस्टर इंडियाची राईड आहे, पार्क 2013 चा, पिक्चर 1987 चा, तरी पोरं बसतात, मोगॅम्बोचा अड्डा आहे म्हणून.

अजून एक गोष्ट राहिली, कॉमेंट्री. गाडीत रेकॉर्ड केलेला आवाज आहे, शुद्ध हिंदी, जाहिरातीतला, प्रत्येक सीनला तेच, अब हम पहुंच चुके हैं वगैरे. डिस्नीच्या त्या जुन्या राईडमध्ये प्रत्येक गाडीवर एक जिवंत माणूस माईक घेऊन बसायचा, आणि मधेच एक गुंड येऊन गाडी पळवून न्यायचा, सगळी राईड त्यामुळं लोकांच्या लक्षात राहिली. इथं गेटवर जो पोरगा बेल्ट चेक करतो तोच इतकं मस्त बोलतो की काय सांगू, आईला म्हणाला "आजी, धबधब्यापाशी चष्मा काढून ठेवा, नाहीतर बाहुबली दिसनार नाही". त्याला माईक द्या! पगार थोडा वाढवा आणि गाडीत बसवा. नागपुरात बोलणाऱ्या पोरांची काय कमी आहे.

जायचं असेल तर रविवार टाळा, आणि उन्हाळ्यात दुपारी चारच्या आधी जाऊ नका, लाईनीवर हिरवी जाळी टाकली आहे पण पंखे दोनच आहेत आणि पिण्याचं पाणी लाईनीच्या एकदम शेवटी. राईडचं तिकीट एंट्रीत धरलेलं नाही, वेगळं काढावं लागते, काउंटर वॉटर पार्कच्या लॉकरच्या बाजूला आहे, पाटी नीट लावलेली नाही म्हणून लोक फिरत राहतात. बसताना मागची रांग मागा, धबधब्यात कमी भिजता आणि तुंबाडमध्ये वरचं छत पूर्ण दिसते. पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर एकानं बाहेर थांबावं आणि आळीपाळीनं जावं, तिथले लोक विचारलं तर दुसऱ्याला परत पूर्ण लाईन लावायला लावत नाहीत, आम्हाला तरी लावली नाही. एक्झिटला अभिप्रायाची वही ठेवली आहे, त्यात मी झुंड आणि वाघ दोन्ही लिहून आलो, तुम्ही गेलात तर तुम्हीही लिहा.